ऑपरेशन झालं, पण मनासारखं झालं नाही: स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतरच्या निराशा आणि गुंतागुंती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली रूपं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)



आजचा विषय जाहीर झाला आणि आयोजकांना दोन फोन आले. पहिला फोन रागाचा होता. 'असले विषय भर सभेत कशाला घेता?' दुसरा फोन एका बाईंचा. त्या एवढंच म्हणाल्या, 'दिवे मालवल्यावर मागच्या दाराने येऊन बसता येईल का?' मंडळी, मी आज त्या दुसऱ्या फोनसाठी आले आहे. त्या ताई इथे बसल्या असतील किंवा घरी मोबाईलवर हे ऐकत असतील. ज्यांनी असं ऑपरेशन केलं, ते मनासारखं झालं नाही, आणि कोणाला सांगताही येत नाही, अशा सगळ्यांशी मला बोलायचं आहे.

मी प्लास्टिक सर्जन. राहते धुळ्यात, आठवड्यातून एक दिवस जळगावला येते. आमच्याकडे स्तनांच्या ज्या शस्त्रक्रिया होतात त्यांचे मुख्य प्रकार चार. आकार वाढवणं, म्हणजे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवणं किंवा पोटा-मांडीची चरबी काढून तिथे भरणं. आकार कमी करणं. बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर ओघळलेले स्तन वर उचलून घेणं. आणि चौथा प्रकार पुरुषांचा, गायनेकोमॅस्टिया, म्हणजे मुलांची छाती बायकांसारखी वाढणं. हसू नका. शर्ट काढायला लागेल म्हणून तापीवर पोहायला न जाणारी, पोलीसभरतीच्या शारीरिक चाचणीला घाबरणारी पोरं मी पाहिली आहेत.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले, मुंबईचं फॅड. तर एक जुनी गोष्ट आठवून देते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून ते नवं करून दिलं. ते पत्र वाचून युरोपातले सर्जन ही विद्या शिकायला लागले. कापलेल्या नाकाने माणूस मरत नाही, मंडळी. पण चार माणसांत बसता येत नाही. 'चार माणसांत बसता यावं' ही गरज तेव्हाही होती आणि आजही आहे. म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना मी हौशी म्हणणार नाही. आणि ऑपरेशन फसलं तर 'तुला कोणी सांगितलं होतं?' असंही कोणी म्हणू नये, ही पहिली विनंती.

मसाल्याच्या डब्यातले चार कप्पे

ऑपरेशननंतर काहीतरी खटकतंय, तर ते नेमकं काय आहे? मी रुग्णांना मसाल्याच्या डब्याचं उदाहरण देते. हळद आणि तिखट एकमेकांत मिसळलं की भाजी बिघडते. तसे हे चार कप्पे वेगवेगळे ठेवायचे.

पहिला कप्पा, भरून येण्याचा काळ. जे दिसतंय ते अजून अंतिम नाही. दुसरा, निराशा. सगळं भरून आलं, तब्येत ठीक आहे, पण रूप मनासारखं नाही. तिसरा, गुंतागुंत. रक्त साकळलं, पू झाला, इम्प्लांटभोवती गाठ आवळली, अशी शारीरिक अडचण. ती उत्तम सर्जनच्या हातूनही होऊ शकते. आणि चौथा, हलगर्जीपणा. करायला हवं ते केलं नाही, किंवा करू नये ते केलं.

घोळ होतो तो कप्पे मिसळल्याने. पहिल्या कप्प्यातली बाई पंधराव्या दिवशी आरशात पाहून रडते आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा ऑपरेशन करायला धावते. आणि तिसऱ्या कप्प्यातली बाई, जिला आज रात्रीच दवाखान्यात न्यायला हवं, ती 'बसेल आपोआप' म्हणून चार दिवस अंगावर काढते. पहिलीने थांबायचं असतं, दुसरीने धावायचं असतं. होतं नेमकं उलटं.

थांबायचं कधी

आधी थांबण्याचं बोलू. इम्प्लांट बसवल्यावर सुरुवातीला स्तन वर चढल्यासारखे, ताठ आणि चमकदार दिसतात. वरची कातडी आणि स्नायू सैलावून ते खाली, जागेवर बसायला तीन ते सहा महिने लागतात. दोन्ही बाजू एकाच दिवशी बसत नाहीत. एक पुढे, एक मागे. चरबी भरली असेल तर त्यातली काही शरीर शोषून घेतंच. म्हणून पहिल्या महिन्यात मोठा वाटलेला आकार नंतर उतरतो, आणि खरा हिशोब तीन ते सहा महिन्यांनी करायचा. आकार कमी केला असेल तर स्तन सुरुवातीला खालून चपटे आणि चौकोनी वाटतात. तेही बदलतं.

व्रणांचं तर विचारूच नका. टाक्यांची रेष पहिले काही आठवडे बारीक दिसते. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लाल, जाड, खाजरी होते आणि बायका घाबरतात. हा व्रणाचा नेहमीचा प्रवास आहे. तो फिका आणि मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. मात्र आपल्या सावळ्या कातडीत, आणि त्यातून छातीवर, व्रण जाड होण्याचा किंवा केलॉइड होण्याचा धोका जास्त असतो. कान टोचल्यावर ज्यांच्या पाळीला गाठ आली, त्यांनी हे सर्जनला आधीच सांगायला हवं. व्रण जखमेच्या रेषेबाहेर वाढायला लागला तर मात्र थांबायचं नाही. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल आणि गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन वेळेत सुरू केलं की बराच फरक पडतो.

स्तनाग्राची संवेदना कमी होणं, मुंग्या येणं, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येणं, हेही सुरुवातीच्या महिन्यांत होतं. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते. काहींची पूर्ण येत नाही, आणि हे ऑपरेशनआधी सांगायला हवं.

आणि दोन्ही बाजू सारख्या नाहीत, ही तर हमखास येणारी तक्रार. आपण केळीच्या मुलखातली माणसं. रावेर-यावलकडची एक फणी घ्या, त्यातली दोन केळी शेजारी ठेवा. वाक सारखा असतो का? शरीराचंही तसंच आहे. ऑपरेशनआधी कोणी इतकं निरखून पाहत नाही, नंतर रोज पाहतो. म्हणून आधीचे फोटो जपून ठेवा. पुष्कळदा फरक आधीपासूनच होता हे त्यातून कळतं. आणि फरक खरोखर वाढला असेल तर तेही त्यातूनच कळतं.

धावायचं कधी

आता दुसरी बाजू. हे लिहून घ्या.

पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, दगडासारखी कडक झाली, निळसर पडली आणि वेदना वाढतच चालल्या, तर आत रक्त साकळलंय असं समजायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. स्तनाग्र जांभळं, करडं किंवा काळपट पडायला लागलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतोय. काही टाके सोडवून ताण कमी केला, तर ते वाचण्याची शक्यता असते, पण त्याला वेळेचं बंधन आहे. ताप, थंडी, पसरत जाणारी लाली, पू किंवा वास येणारा स्राव म्हणजे जंतुसंसर्ग. पोटरी एका बाजूची सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, ही पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेल्याची खूण असू शकते. तिथे सर्जनला फोन करत बसायचं नाही. सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठायची. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे 'कॉस्मेटिक ऑपरेशन झालंय' हे सांगायला लाजायचं नाही. लपवलं तर उपचार चुकतात.

आता माझीच एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. एका बाईंचं आकार कमी करण्याचं ऑपरेशन मी केलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. शिरपूरकडचं गाव. रात्री साडेअकराला फोन आला, 'मॅडम, एक बाजू जड झाल्यासारखी वाटते.' मी दिवसभर उभी होते, दमलेली. म्हटलं, 'थोडं जड वाटणारच. गोळी घ्या, सकाळी बोलू.' त्या बाई अहिराणी बोलणाऱ्या, तक्रार करायची सवय नाही, डॉक्टरांपुढे तर नाहीच. 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला. सकाळी आईला घेऊन आल्या. आई दारातून विचारत होती, 'काय व्हयनं व मॅडम, पोरगीले?' ड्रेसिंग उघडलं तर आत रक्त साकळून कातडी ताणली गेली होती. ताबडतोब ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन रक्त काढलं, वाहणारी नस बंद केली. बाई बऱ्या झाल्या, पण त्या बाजूच्या कातडीचा एक तुकडा गेला आणि व्रण कायमचा रुंद राहिला.

रक्त साकळणं ही गुंतागुंत होती, ती कोणाच्याही हातून होते. पण रात्री साडेअकराला तीन प्रश्न न विचारणं, ही माझी चूक होती. एकच बाजू का? कडक लागतेय का? वेदना वाढतेय की तशीच आहे? मी त्या बाईंना दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. म्हटलं, 'तुमचा फोन मी नीट ऐकला नाही.' त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, 'मलाच वाटलं, उगाच त्रास देतेय.' तेव्हापासून डिस्चार्ज कार्डावर मी हे तीन प्रश्न मराठीत छापते, आणि फोटो पाठवायला सांगते. आणि तुम्हाला सांगते, 'उगाच त्रास देतेय' हे वाक्य डोक्यात आलं की समजायचं, आता फोन करायचाच.

मशेरी आणि मे महिना

दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या. पहिली मशेरी.

ऑपरेशनआधी फॉर्मवर प्रश्न असतो, 'धूम्रपान करता का?' आमची मावशी ठणकावून सांगते, 'छे, काहीतरीच काय!' आणि रोज सकाळी दातांना मशेरी लावते. मुलगा सिगारेट ओढत नाही, पण खिशात तंबाखूची पुडी असते. निकोटिन धुरातून आलं काय, हिरडीतून आलं काय, रक्तवाहिन्या आवळण्याचं काम सारखंच करतं. आकार कमी करताना किंवा उचलून घेताना स्तनाग्राचा रक्तपुरवठा आधीच मोजका उरलेला असतो. त्यात निकोटिनने नसा आवळल्या की जखम उसवते, कातडी काळी पडते. म्हणून ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मशेरी, तपकीर, गुटखा, बिडी, सगळं बंद. आणि डॉक्टरांनी 'धूम्रपान' विचारलं तरी तुम्ही 'मशेरी लावते' हे आपणहून सांगा. बऱ्याच मशेरी लावणाऱ्या बायकांना हे व्यसन वाटतच नाही, दंतमंजन वाटतं.

दुसरी गोष्ट उन्हाळा. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४५ वर. ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे घट्ट गारमेंट घालून राहायचं असतं. स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, चिकटपट्टी टिकत नाही, आणि उकाड्याला कंटाळून बाई गारमेंट काढून ठेवते. आकार कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये जिथे उभी आणि आडवी टाक्यांची रेष मिळते, त्या जागी जखम थोडी उघडणं ही तशीही नेहमी दिसणारी अडचण आहे. ती बहुधा ड्रेसिंगने भरते, पण घामात तिला वेळ लागतो. हे ऑपरेशन तातडीचं नसतं. मग दिवाळीनंतर करा.

वर्षांनंतर येणाऱ्या अडचणी

इम्प्लांट असणाऱ्यांनी हा भाग नीट ऐका. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने रुग्णांना दिलेल्या माहितीत म्हटलंय की आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ते आठ ते दहा वर्षांत काढावं लागतं. म्हणजे विसाव्या-पंचविसाव्या वर्षी बसवलं तर आयुष्यात पुन्हा एखादं ऑपरेशन करावं लागणार, असं धरूनच चालायचं.

सर्वांत जास्त दिसणारी अडचण म्हणजे आवरण आवळणं. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती एक पातळ पिशवी तयार करतं. ती सगळ्यांतच होते. काहींमध्ये ती जाड होऊन आवळते. याच्या चार पायऱ्या आम्ही मानतो. पहिलीत स्तन मऊ. दुसरीत हाताला थोडा कडक, पण दिसायला ठीक. तिसरीत कडक आणि आकारही बिघडलेला. चौथीत त्याशिवाय दुखणारा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुधा पुन्हा ऑपरेशन लागतं. दाबून, चोळून ती पिशवी फोडण्याचा खटाटोप कोणाकडून करून घेऊ नका. त्यात इम्प्लांट फुटू शकतं.

दुसरी अडचण, इम्प्लांट फुटणं. आताचं सिलिकॉन घट्ट जेलीसारखं असल्याने ते फुटलं तरी बाहेरून कळत नाही. म्हणून एफडीएचा सल्ला असा की पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी.

तिसरी अडचण दुर्मीळ, पण सांगायलाच हवी. बसवून बरीच वर्षं झाल्यावर, सरासरी आठ-दहा वर्षांनी, एक बाजू अचानक पाणी साचून फुगली, तर ते पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवायलाच हवं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एका प्रकारचा लिम्फोमा होऊ शकतो. हा स्तनाचा कॅन्सर नाही. लवकर कळला तर बहुतेक वेळा इम्प्लांट आणि त्याभोवतीची पिशवी पूर्ण काढून बरा होतो. याच कारणाने अ‍ॅलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये तिची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली. मात्र काही त्रास नसेल तर ती घाबरून काढून टाकण्याचा सल्ला तेव्हाही दिला गेला नाही.

आणि फ्रान्सची गोष्ट. पॉली इम्प्लांट प्रोथेज नावाच्या कंपनीने मान्यता नसलेलं, कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरलं. २०१० मध्ये ते उघडकीला आलं. तोवर जगभरात सुमारे तीन लाख बायकांच्या शरीरात ते गेलं होतं. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण त्या बायकांपुढचा पहिला प्रश्न कोर्टाचा नव्हता. 'माझ्या अंगात आहे ते त्या कंपनीचं आहे का?' हा होता. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना उत्तर मिळालं.

म्हणून प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्टीचं लेबल येतं, त्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. ते तुमच्या कार्डावर लावून मागा. जळगाव ही सोन्याची बाजारपेठ. पाच ग्रॅमची अंगठी घेतली तरी आपण हॉलमार्क बघतो, पावती तिजोरीत ठेवतो. अंगात बसवलेल्या वस्तूची पावती नको?

थकवा, सांधेदुखी, केस गळणं, विसराळूपणा अशा तक्रारी काही बायका इम्प्लांटमुळे होतात म्हणून सांगतात. यासाठी ठाम निदान करणारी एकही तपासणी आज नाही. इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं, काहींना नाही. माझं म्हणणं एवढंच, की थायरॉइड, हिमोग्लोबिन, मधुमेह, संधिवात हे आधी तपासा. पण बाईला 'मनाचे खेळ आहेत' म्हणून घरी पाठवू नका.

निराशा: शरीर ठीक, मन नाही

आता दुसरा कप्पा. सगळं भरलं, वर्ष झालं, तब्येत उत्तम. पण आरशासमोर उभं राहिलं की 'हे नव्हतं मागितलं' असं वाटतं. हा कप्पा सगळ्यांत एकाकी असतो. दुखत नाही म्हणून तक्रार करता येत नाही, आणि आपणच मागून घेतलं म्हणून रडताही येत नाही.

यात काय करायचं? एक, नेमकं काय आवडलं नाही ते कागदावर लिहा. 'वाईट दिसतं' हे पुरेसं नाही. 'डावं स्तनाग्र खाली आहे', 'ब्लाउज उजव्या काखेत घट्ट होतो', असं लिहा. दोन, आधी त्याच सर्जनकडे जा. मी सर्जन आहे म्हणून हे सांगत नाही. आत काय केलंय, कुठली जागा कापली, किती मिलिलिटरचं इम्प्लांट आहे, हे त्यालाच माहीत असतं. जाताना एक विश्वासातलं माणूस आणि तो कागद बरोबर न्या. तीन, तिथे समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्या. ते घेणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही, तुमचा हक्क आहे. चार, दुरुस्तीचं ऑपरेशन शक्यतो सहा महिने ते वर्षभर थांबूनच. सूज आणि कडकपणा असताना पुन्हा कापलं तर चुकीचीच दुरुस्ती होते. आणि दुरुस्ती पहिल्यापेक्षा अवघड असते. कातडी उरलेली असते तेवढीच, व्रण मात्र वाढलेले असतात.

मुलांच्या बाबतीत नेहमी दिसते ती अडचण म्हणजे स्तनाग्राखाली खड्डा पडणं. गाठ जरुरीपेक्षा जास्त काढली की असं होतं. तिथे चरबी भरून सुधारणा करता येते. आणि कोणी जिममधल्या ओळखीतून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेत असेल तर छाती पुन्हा वाढू शकते. ते डॉक्टरांना सांगा, डॉक्टर पोलीस नाहीत.

एक गोष्ट जपून सांगते. काही जणांचं दुःख शरीरातल्या खोटीच्या मानाने फार मोठं असतं. दिवसातले तास आरशात जातात, लग्नकार्यं टाळली जातात, एक ऑपरेशन झालं की दुसऱ्याचा विचार सुरू होतो. हा मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे तिसरं ऑपरेशन करणारा सर्जन मदत करत नाही, मानसोपचारतज्ज्ञ करतो. त्यांच्याकडे पाठवलं म्हणून रागावू नका.

कागद आणि कायदा

चौथा कप्पा. निकाल वाईट म्हणजे हलगर्जीपणा, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याच कौशल्याच्या सर्वसाधारण डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, हा प्रश्न असतो. पण त्याच न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात रुग्णाच्या संमतीबद्दल जे सांगितलं, ते आपल्या घरोघरी सांगण्यासारखं आहे. दुर्बिणीने तपासणी करायला म्हणून दाखल झालेल्या ४४ वर्षांच्या बाईंचं गर्भाशय आणि बीजकोश, त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, काढले गेले. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईची संमती तिचीच हवी, आणि एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची नव्हे. तेव्हा फॉर्मवर सासू किंवा नवरा सही करतो आणि बाई बाजूला बसते, हे चालायचं नाही. सही तुमची, आणि वाचून.

कागद मागायचे ते लेखी. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं जपाव्या लागतात. संमतीपत्र, ऑपरेशनची टिपणं, इम्प्लांटचं लेबल, फोटो, बिलं, सगळं मागा.

डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करायची. ऑपरेशन सुरतला झालं असेल तर गुजरातच्या परिषदेकडे. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय झाली. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ऑपरेशन मुंबईला झालं तरी जळगाव किंवा धुळ्याच्या आयोगात जाता येतं. मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेवढी विसरू नका.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: ऑपरेशन मुंबईला केलं, आता तिथे सारखं जाणं जमत नाही. इथले डॉक्टर हात लावत नाहीत. काय करायचं?*

हे फार वेळा घडतं. पॅकेज घेऊन जाताना फक्त ऑपरेशनचा दिवस मोजला जातो, नंतरच्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत. जाण्याआधीच विचारा, 'माझ्या गावाजवळ ड्रेसिंग कोण बघेल? गुंतागुंत झाली तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कोणाचा?' आणि उत्तर लेखी घ्या. सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च विम्यात सहसा धरत नाहीत. आता अडकलाच असाल तर ऑपरेशनची टिपणं मागवून इथल्या सर्जनकडे न्या. आमच्यातले काही जण दुसऱ्याच्या केसला हात लावायला कचरतात, हे खरं आहे. पण हातात कागद असला की आत काय आहे ते कळतं, आणि मग बहुतेक जण बघतात.

*प्रश्न: ऑपरेशननंतर बाळाला पाजता येतं का?*

इम्प्लांट असलेल्या पुष्कळ बायका पाजतात. आकार कमी केला असेल तर दूध कमी येऊ शकतं, कारण काही नलिका आणि ग्रंथी कापल्या जातात. ज्यांना पुढे मूल हवंय त्यांनी हे आधी बोलावं.

*प्रश्न: चरबी भरल्यानंतर गाठ लागते. कॅन्सर असेल का?*

भरलेल्या चरबीचा काही भाग जगत नाही, तिथे कडक गाठ होते. बहुधा तीच असते. पण 'बहुधा' यावर थांबायचं नाही. प्रत्येक नवी गाठ डॉक्टरला दाखवायची, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करायची, शंका राहिली तर सुईने तुकडा तपासायचा. तपासणी करणाऱ्याला आधीच्या ऑपरेशनबद्दल सांगायचं. आणि आकार कमी करताना काढलेला भागही तपासणीला पाठवलाय ना, ते विचारायचं.

*प्रश्न: सर्जन खरा आहे हे कसं ओळखायचं?*

पाटीवरच्या 'कॉस्मेटिक' या शब्दावरून नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि हा प्रश्न विचारा, 'तुमच्या हातून झालेल्या अडचणी कोणत्या?' 'एकही नाही' म्हणाला तर उठून या.

*प्रश्न (चिठ्ठीवर आलेला): घरी कोणाला सांगितलेलं नाही. आता त्रास होतोय. सांगू का?*

सांगा. सगळ्यांना नको, एका माणसाला सांगा. बहीण, मैत्रीण, नवरा, जो रात्री दोनला गाडी काढेल असा एक. माझ्याकडे उशिरा आलेल्या बायकांना मी विचारते, 'आधी का नाही आलात?' त्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, 'घरी काय सांगून निघू?' ताप लपवता येतो, पू लपवता येत नाही. आज ही चिठ्ठी पाठवणाऱ्या ताईंना एवढंच सांगते, कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत अर्धा तास थांबणार आहे. दार मागून उघडतं.